शेजारधर्माला देवाची अट नको

चर्च सोडून नास्तिक झालेल्या माणसाची नीती टिकते का, असं मला जर्सी सिटीतल्या मराठी घरांमध्ये पुन्हा पुन्हा विचारलं जातं. विचारणारे बहुधा हिंदू असतात, कधी आमच्यातलेच ख्रिस्ती. माझं उत्तर असं आहे की नीती टिकते, पण ज्या व्यवस्थेच्या आधाराने ती रोज पाळली जात होती ती व्यवस्था चर्चबरोबर मागे राहते. ती नव्याने उभी करणं एकट्यादुकट्याला झेपत नाही. ते शहराचं आणि समाजाचं काम आहे, म्हणून हे मुद्दे जाहीरपणे मांडते आहे.

१. ऋण आणि श्रद्धा यांची गल्लत करू नये

मी जन्माने नगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आमच्या घरी अजून नगरच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. तिथे सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे धडे ज्यांच्याकडे घेतले त्यांत या फरारबाई होत्या. मिशनऱ्यांनी शिक्षणाची दारं उघडली याची जाणीव जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कायम ठेवली, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत.

माझे पूर्वज झाले. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला ज्या शाळेत इतरांच्या बरोबरीने बसता आलं ती शाळा मिशनची होती. माझी पणजी अक्षरं शिकली ती शुभवर्तमान वाचण्यासाठी, आणि एकदा वाचायला आल्यावर तिने पुढे पुष्कळ काही वाचलं. आज मी देव मानत नाही. तरी पणजीला पाटी देणाऱ्यांविषयी माझ्या मनात जी कृतज्ञता आहे ती तसूभरही कमी झालेली नाही. चर्च सोडणाऱ्याने चर्चला शिव्या घातल्याच पाहिजेत अशी अपेक्षा दोन्ही बाजूंनी केली जाते. ती मी पुरी करणार नाही.

२. माणसं का जातात

माझी श्रद्धा गेली ती दुःखाच्या प्रश्नावर. लहान मुलाच्या असाध्य दुखण्यासमोर ‘प्रभूची इच्छा’ हे उत्तर मला देववेना, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर ऐकवेना. या वाटेने गेलेले पुष्कळ आहेत. बार्ट अर्मन हे नव्या कराराचे अभ्यासक आमच्याच न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकले. त्यांनी तिथल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये काही काळ पाळकाचं काम केलं, रट्गर्स विद्यापीठात शिकवलं, आणि शेवटी याच प्रश्नापाशी त्यांचा विश्वास संपला. २००८मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना बायबल ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७मध्ये अमेरिकेतले ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. २०२३-२४मध्ये ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आलं. कोणताच धर्म न सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. एक जण ख्रिस्ती धर्मात येतो तेव्हा सहा जण बाहेर पडलेले असतात. या २९ टक्क्यांत स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारे थोडे, सुमारे पाच टक्के. बाकीचे शांतपणे बाजूला झालेले. इतकी माणसं जिथे बाहेर पडतात तिथे त्यांच्या नीतीचं काय, हा कौटुंबिक कुजबुजीचा विषय उरत नाही. तो नागरी प्रश्न होतो.

३. ‘मग तुला अडवतं कोण?’

हा प्रश्न रागाने कमी आणि काळजीने जास्त विचारला जातो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. नीतिमान असण्यासाठी देवावर विश्वास हवाच, असं प्यूच्या २०१९च्या पाहणीत भारतातल्या ७९ टक्के लोकांनी सांगितलं, अमेरिकेतल्या ४४ टक्क्यांनी आणि स्वीडनमधल्या ९ टक्क्यांनी. स्वीडनमध्ये माणसं एकमेकांना लुबाडत सुटली आहेत असं तिथे राहून आलेला कुणी सांगत नाही.

पण आकड्यांपेक्षा मला प्रिन्स्टनमधला एक प्रयोग जास्त शिकवून गेला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी तो धर्मशास्त्र विद्यालयाच्या ४० विद्यार्थ्यांवर केला आणि १९७३मध्ये प्रसिद्ध केला. लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आमच्याकडच्या शब्बाथ शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंच्या मारहाणीने अर्धमेला पडला आहे, याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो, आणि परका शोमरोनी थांबतो. प्रयोगात काही विद्यार्थ्यांना नेमक्या याच कथेवर, तर काहींना दुसऱ्याच विषयावर थोडं बोलायला सांगितलं आणि शेजारच्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता, हे विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हतं.

ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के. ‘उशीर झालाय, लवकर जा’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के. मनात शोमरोन्याची कथा घोळत होती की नाही, याने लक्षणीय फरक पडला नाही.

हा प्रयोग मी श्रद्धावंतांना खाली पाहायला लावण्यासाठी सांगत नाही. त्या जागी नास्तिक विद्यार्थी असते तर तेही घाईत तसेच पुढे गेले असते, याची मला खात्री वाटते. माझं म्हणणं इतकंच की माणूस थांबतो की नाही हे तो काय मानतो यापेक्षा त्याला थांबायला सवड आहे का, सवय आहे का, आजूबाजूचे थांबतात का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. सकाळी ग्रोव्ह स्ट्रीट स्थानकात पाथ गाडीकडे धावणाऱ्या गर्दीत मी रोज असते. त्या गर्दीतला कुणी चक्कर येऊन पडला तर काय होईल, याचं उत्तर माझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यात सापडणार नाही.

आणि अडवतं कोण म्हणाल, तर ज्याला इजा होईल तो समोरचा माणूस अडवतो. मला दुखतं तसं त्याला दुखतं, एवढं कळायला मला वरून कुणी पाहत असण्याची गरज पडत नाही. पाहणारा नसताना केलेल्या चांगल्या कृत्याची किंमत येशूनेही मोठी मानली होती. ती शिकवण मी सोडलेली नाही.

४. न्यू जर्सीने ही परीक्षा आधीही घेतली आहे

या राज्याच्या १७७६च्या संविधानाने अधिकारपदाची हमी दिली ती प्रोटेस्टंट रहिवाशांना. कॅथलिक आणि ज्यू त्या हमीबाहेर होते. १८४४च्या नव्या संविधानाने धर्माची ती अट काढली. म्हणजे आज जी शंका नास्तिकावर घेतात, ती इथे एकेकाळी कॅथलिकावर घेतली जात होती. आज जर्सी सिटीत कॅथलिक शेजाऱ्याच्या चारित्र्याबद्दल असं कुणी बोललं तर आपल्याला लाज वाटेल.

त्यानंतरचं चार्ल्स रेनॉल्ड्स यांचं प्रकरण मराठी वाचकांना क्वचितच माहीत असतं. हे गृहस्थ आधी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. विश्वास गेल्यावर ते गावोगाव तंबू ठोकून मुक्तविचारावर व्याख्यानं देऊ लागले. १८८६मध्ये बूंटन गावात जमावाने त्यांच्यावर अंडी फेकली आणि तंबूचे दोर कापले. बूंटन आमच्या शहरापासून मोटारीने तासाभराच्याही आत आहे. पुढे एका पत्रकावरून त्यांच्यावर ईश्वरनिंदेचा खटला भरला गेला आणि तो १८८७मध्ये मॉरिसटाउनला चालला. बचावाला उभे राहिले रॉबर्ट इंगरसॉल, तेव्हाचे अमेरिकेतले सर्वांत गाजलेले वक्ते, आणि स्वतः एका पाळकाचे पुत्र. ज्यूरीने रेनॉल्ड्स यांना दोषी ठरवलं, २५ डॉलर दंड झाला, पैसे इंगरसॉलनी भरले. 

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. वाहनाच्या पाटीवर नास्तिक असल्याचं सांगणारा शब्द एका बाईंनी मागितला तेव्हा राज्याच्या यंत्रणेने तो आक्षेपार्ह म्हणून नाकारला, बॅप्टिस्ट हा शब्द मात्र चालत होता. खटला झाल्यावर राज्याला मागे यावं लागलं. निवडणुकीच्या उमेदवारी अर्जावर देवाला साक्ष ठेवून शपथ घेण्याची सक्ती होती. तिच्याविरुद्ध २०२३मध्ये खटला दाखल झाला आणि त्यानंतर देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. हे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्येच टॉर्कासो खटल्यात स्पष्ट केलं होतं: सरकारी पदासाठी देवावरच्या विश्वासाची कबुली मागता येत नाही. कायदा आणि कार्यालयातला अर्ज यांच्यामध्ये साठ वर्षं गेली.

५. सिटी हॉलसमोरचा गोठा

जर्सी सिटीच्या सिटी हॉलसमोर कित्येक दशकं नाताळात येशूजन्माचा देखावा आणि त्याच्या जोडीला ज्यूंचा मेनोरा दीप मांडला जात असे. १९९४मध्ये नागरी स्वातंत्र्य संघटनेने त्याविरुद्ध खटला भरला. महापौर होते ब्रेट शुंडलर. तो देखावा सरकारी जागेत घटनाबाह्य ठरला. मग शहराने त्यात सांता क्लॉज, फ्रॉस्टी हा हिममानव, एक घसरगाडी आणि क्वान्झा सणाची चिन्हं घातली, वर विविध संस्कृतींचा गौरव करणारी पाटी लावली. १९९९मध्ये अपील न्यायालयाने हा वाढवलेला देखावा वैध ठरवला. निकाल लिहिला सॅम्युएल अलिटो यांनी, जे पुढे २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

या निकालावर मी माझ्या आईशी बोलले आहे. ती आजही दर रविवारी उपासनेला जाते. प्रभूचा जन्म हिममानवाच्या सोबतीने कायदेशीर ठरावा, हे तिला माझ्याहून जास्त बोचलं. तिचं बरोबर आहे. ज्या श्रद्धेसाठी माणसं जीव ओवाळून टाकतात ती सजावटीचं सामान झाली, आणि माझ्यासारख्याच्या वाट्यालाही त्यात काही आलं नाही. त्या देखाव्यात नास्तिकांसाठी आणखी एक बाहुली ठेवा, अशी माझी मागणी मुळीच नाही. नगरपालिकेने पाणी, कचरा, शाळा, रस्ते सांभाळावेत. गोठा चर्चच्या अंगणात असावा, तिथे मी आईला घेऊन जाईन.

६. हे वारं पश्चिमेचं नाही

नास्तिक होणं म्हणजे अमेरिकेचं वारं लागणं, असं मराठी मंडळी समजतात. मुंबईत १९३१पासून ‘रीझन’ नावाचं बुद्धिवादी नियतकालिक निघत होतं. त्याचे संपादक डॉ. चार्ल्स डी’अव्हॉइन यांच्यावर १९३३मध्ये खटला झाला तो ‘धर्म आणि नीती’ या विषयावरच्या लेखाबद्दल, भारतीय दंड संहितेच्या २९५अ कलमाखाली. ते निर्दोष सुटले. त्याच वर्तुळात र. धों. कर्वे होते. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाच्या प्रचारामुळे मिशनच्या त्या कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली, पण ते डगमगले नाहीत. १९२७पासून मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. बाळंतपणांनी खंगलेल्या बायकांची कणव देव न मानणाऱ्या या माणसाला आली. माझ्या लेखी नीती म्हणजे ती कणव.

ते कलम पुढेही जागं राहिलं. २०१२मध्ये मुंबईत इर्ल्याच्या वेलंकनी चर्चमधल्या क्रुसावरून पाणी ठिबकू लागलं आणि भाविकांची रीघ लागली. केरळातल्या ख्रिस्ती घराण्याची पार्श्वभूमी असलेल्या सनल इडमरुकू यांनी ते पाणी तुंबलेल्या मोरीचं असून भिंतीतून केशाकर्षणाने चढतं आहे, असं दाखवून दिलं. त्यांच्यावर तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले ते तिकडेच राहिले. सांडपाणी तीर्थ म्हणून पिणाऱ्यांना त्यांनी सावध केलं, हा शेजारधर्मच होता.

एक चांगली गोष्टही मुंबईचीच आहे. सप्टेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की कोणत्याही नागरिकाला धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि ‘माझा कोणताच धर्म नाही’ असं म्हणणं हा सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. याचिका करणारे नास्तिक नव्हते. ते येशूला मानणारे होते, पण कागदावर ख्रिस्ती धर्म लावायला तयार नव्हते. श्रद्धावंतांनी मिळवलेला हक्क माझ्या उपयोगी पडतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

७. ही घरवापसी नाही

मी चर्च सोडलं हे ऐकून काही परिचितांचे चेहरे खुलतात. ‘आलात ना परत?’ असा त्यांचा सूर असतो. मी कुठेही परत आलेली नाही. माझ्या पूर्वजांना ज्या घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवलं होतं, त्या घरात परतण्याचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती वस्त्यांवर, प्रार्थनासभांवर संशय घेणाऱ्यांनी माझ्या नास्तिकतेचा पुरावा म्हणून वापर करू नये. उपासनेला जाण्याचा माझ्या आईचा हक्क आणि न जाण्याचा माझा हक्क एकच आहे. तिच्या दारावर कुणी दगड मारला तर मी दारात उभी राहीन.

८. खरोखर हरवतं ते काय

देव गेला तेव्हा माझी फारशी गैरसोय झाली नाही. चर्चची मंडळी गेली तेव्हा झाली. आजारी पडलं की रविवारी गैरहजेरी लागते आणि सोमवारी कुणीतरी डबा घेऊन दारात येतं. विधवेच्या मुलाची फी कोण भरतंय, हे वडीलमंडळाला माहीत असतं. नवराबायकोत हात उचलला गेला तर पाळकसाहेब घरी येऊन बसतात आणि उठत नाहीत. ते नेहमीच न्यायाने वागतात असं नाही, बाईला गप्प बसवल्याचीही उदाहरणं मी पाहिली आहेत. तरी जाब विचारणारं कुणीतरी असतं. चर्च सोडलेल्या माणसाकडे नीतीची कारणं भरपूर असतात, पण तू असा का वागलास हे विचारायला येणारं कुणी नसतं. माझ्या मते निर्धर्मी जगण्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि आमच्या बाजूचे लोक तिच्यावर पुरेसं बोलत नाहीत. वादविवादात देवाला हरवण्यावरच त्यांचा सगळा जोर जातो.

हडसन नदीच्या पलीकडे एका माणसाने हे दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. फेलिक्स अॅडलर हे राबीचे पुत्र, वडिलांची गादी चालवावी अशी अपेक्षा असलेले. १८७६मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला नीतिसंस्कृती सभा स्थापन केली. देवाबद्दल काय मानता हे तिथे विचारत नसत, काय करता हे विचारत. दोनएक वर्षांतच सभेने गरिबांच्या खोल्यांत जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका नेमल्या आणि कामगारांच्या मुलांसाठी मोफत बालवाडी काढली. पुढे बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीचं अध्यक्षपद अॅडलर यांच्याकडे होतं. त्या चळवळीच्या सभा आमच्या राज्यातही आहेत, मेपलवूडला आणि टीनेकला.

आपल्याकडे हेच काम डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांनी केलं. दोघेही देव न मानणारे. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, आणि त्यासाठी नामवंत कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. कार्यकर्त्याच्या घरात पीठ आहे का, याची काळजी त्यांनी वाहिली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. निधी चालू राहिला, कारण तो एका माणसाच्या विचारावर नव्हे तर संस्थेवर उभा होता.

९. मागण्या

शहराकडे: शपथ द्यायची असेल तिथे देवाशिवायची प्रतिज्ञा आधी वाचून दाखवावी, आणि ती सर्वांना. ज्याला हवी त्याने मागून घ्यावी, असं ठेवलं की भर सभेत एकट्याला उठून स्वतःला वेगळं पाडावं लागतं. राज्यात २०१४पासून प्रशिक्षित नागरी विधिकर्त्यांना लग्न लावता येतं. त्याची माहिती विवाह परवान्याच्या खिडकीवर मराठी, गुजराती, स्पॅनिशमध्ये ठळक असावी.

इथल्या मराठी मंडळांकडे: गणपती बसवा, मी मोदक वळायला येईन. पण अडीअडचणीची समिती आरतीच्या यादीवरून चालवू नका. कुणाच्या घरी मृत्यू झाला तर आधी विचारा की विधी हवेत का, आणि ‘नकोत’ म्हटल्यावर त्या घराकडे पाठ फिरवू नका. परदेशात प्रेताजवळ बसायला चार माणसं लागतात, मंत्र येणारी असोत की नसोत.

चर्चांकडे: जो गेला त्याचं नाव भेटीच्या यादीतून खोडू नका. शोमरोन्याने जखमीला त्याचा विश्वास विचारला नव्हता.

आणि आमच्याकडे, जे बाहेर पडलो त्यांच्याकडे: महिन्यातून एकदा भेटलं पाहिजे, आणि ते देवाच्या अस्तित्वावर वाद घालायला नव्हे. जर्सी अव्हेन्यूवर शहराचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, बैठकीला जागा मागता येते. थोडी वर्गणी असावी, हिशेब उघडा असावा. एकमेकांना ‘हे तुझं चुकलं’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाने दुसऱ्याला आपणहून द्यावा. पहिल्या बैठकीत दोनच कामं करावीत: कुणाच्या घरी कोण आजारी आहे ती यादी, आणि येत्या आठवड्यात डबा कोण नेणार ते ठरवणं.